धर्मानंद कोसंबी आणि मागे राहिलेले घर

धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकामुळे ठाऊक आहे. पाली भाषेचे थोर पंडित, मूळ त्रिपिटकाच्या आधारे मराठी माणसाला बुद्धाची ओळख करून देणारे अभ्यासक, अशी त्यांची ओळख करून दिली जाते. ती खरीच आहे. पण या विद्वत्तेसाठी त्यांनी तरुणपणी घर सोडले होते. घरात पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती. सात वर्षांनी ते परत आले, पुन्हा संसार केला, पुन्हा दूर गेले. हे येणेजाणे आयुष्यभर चालू राहिले. त्यांच्या चरित्रातील हा भाग आपण सहसा दोन ओळींत उरकतो.

तो उरकून चालणार नाही. चळवळीत येणाऱ्या तरुण-तरुणींपुढे घराचा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. कुणाचे वडील बोलत नाहीत, कारण मुलाने घरातली सत्यनारायणाची पूजा नाकारली. कुणाला आंतरजातीय लग्नामुळे माहेर बंद झाले. कुणी पूर्णवेळ कार्यकर्ता झाला आणि घरचा सगळा भार बायकोवर पडला. अशा वेळी घर मोठे की धम्म मोठा, असा सवाल टाकून आपण मोकळे होतो. धर्मानंदांचे आयुष्य पाहिले तर हा सवाल इतका सरळ नाही हे ध्यानात येते.

सांकवाळचा मुलगा

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. वडिलांचे नाव दामोदर, आईचे आनंदीबाई. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे, उत्पन्न नारळीच्या बागायतीवर. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मराठी शिक्षणाची सोय गावठी शाळेपुरतीच होती. धर्मानंदांचे शालेय शिक्षण थोडक्यात आटोपले आणि कोवळ्या वयातच त्यांना माडांच्या देखभालीत लक्ष घालावे लागले.

या मुलाचे मन मात्र बागायतीत रमत नव्हते. तुकोबांचे अभंग आणि हाती पडतील ती मराठी पुस्तके तो वाचत असे. शिकावे, बाहेर पडावे, काहीतरी भरीव करावे ही ओढ होती. पण घरात आजारपण, शेतीची जबाबदारी आणि वडिलांचा शब्द. त्यातच १८९१ मध्ये, त्या काळच्या रीतीप्रमाणे, चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी त्यांचे लग्न झाले. लग्न ठरवताना मुलाची किंवा मुलीची इच्छा विचारण्याची पद्धतच नव्हती. दोघेही अजून पोरवयात होते.

पुढच्या काही वर्षांत धर्मानंद घर सोडून निघाले आणि पुन्हा परतले, असेही घडले. मनात शिक्षणाची ओढ आणि पायात संसाराची बेडी, अशी ती अवस्था होती. आपल्या मनातले घरात कुणाला नीट सांगता येत नाही, सांगितले तरी कुणाला ते समजत नाही, याने माणूस आतून कुढत जातो. आज गावाकडच्या घरात राहून स्पर्धा परीक्षेचा किंवा संशोधनाचा विचार करणाऱ्या अनेक मुलामुलींना ही घुसमट ओळखीची वाटेल.

१८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकातील बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. लेख साधा, लहान मुलांसाठी लिहिलेला. पण त्या लेखाने त्यांचे आयुष्य बदलले. या महापुरुषाचा धम्म मूळ ग्रंथांतून शिकायचा, त्यासाठी लागेल तिथे जायचे, असा त्यांचा निश्चय झाला. त्या वेळी गोव्यात किंवा महाराष्ट्रात बौद्ध धम्म शिकवणारी एकही जागा नव्हती. ज्या धम्मासाठी ते निघणार होते त्याचा पत्तासुद्धा त्यांना ठाऊक नव्हता.

१८९९ : उंबरठा ओलांडला

वडील हयात असेपर्यंत ते थांबले. वडिलांच्या निधनानंतर, १८९९ च्या अखेरीस, त्यांनी गोवा सोडला. त्याच वर्षी त्यांची पहिली मुलगी माणिक जन्मली होती. म्हणजे धर्मानंद निघाले तेव्हा बाळाबाईंच्या मांडीवर तान्हे मूल होते.

इथे क्षणभर बाळाबाईंकडे पाहायला हवे. त्या काळी सवर्ण घरातील विवाहित स्त्रीला नवरा सोडून गेला तर तिची अवस्था अधांतरी होत असे. ती विधवा नसते, पण तिचा संसारही नसतो. पुनर्विवाहाचा विचार नाही, स्वतःची कमाई नाही, शिक्षण नाही. सासर किंवा माहेर यांच्या आधारावर दिवस काढायचे आणि नवरा कुठे गेला या लोकांच्या प्रश्नाला तोंड द्यायचे. नवऱ्याच्या ज्ञानसाधनेची किंमत अशा स्त्रीला मोजावी लागते, आणि ती मोजायची की नाही हे तिला कुणी विचारलेले नसते.

धर्मानंद निर्दयी होते असा याचा अर्थ नाही. पण त्यांचा त्याग मोजताना बाळाबाईंचा त्याग वेगळ्या खात्यावर लिहिला पाहिजे. त्यांनी त्याग निवडला होता. बाळाबाईंच्या तो वाट्याला आला होता.

सात वर्षांची पायपीट

गोव्यातून निघून धर्मानंद पुण्याला आले. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली, प्रार्थना समाजाच्या मंडळींचा आधार मिळाला. संस्कृत शिकायचे तर काशीला गेले पाहिजे म्हणून ते इंदूर, ग्वाल्हेर अशा वाटेने काशीला पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवून, मिळेल त्या जागी राहून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. तिथून बौद्ध धम्माच्या शोधात नेपाळ गाठला. तिथल्या परिस्थितीने निराशा झाली. मग बुद्धगया, मग कलकत्ता. महाबोधी सभेच्या मदतीने १९०२ मध्ये ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महाथेर यांच्या हाताखाली त्यांनी पाली शिकायला सुरुवात केली. तिथेच ते श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्खू म्हणून राहिले, ध्यानाचा अभ्यास केला, परत भारतात येऊन बुद्धाच्या पावलांनी पुनीत झालेल्या स्थळांची यात्रा केली. पैसा नाही, प्रकृती नाजूक, अन्नपाणी परके, भाषा परकी. सात वर्षे हा माणूस चालत राहिला.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यात आले. वंगभंगाच्या चळवळीचा तो काळ होता. राष्ट्रीय शिक्षणाच्या नव्या संस्था उभ्या राहत होत्या. पाली शिकवणारा माणूस हवा होता. धर्मानंदांनी चीवर उतरवले आणि अध्यापन पत्करले. पुढे कलकत्ता विद्यापीठातही पालीचे अध्यापन सुरू करण्यात त्यांचा वाटा राहिला.

परत येणे

चीवर उतरवले तसा घराचा प्रश्न पुन्हा समोर आला. त्याच वर्षी धर्मानंद गोव्याला गेले आणि पत्नीला, मुलीला भेटले. माणिक सात वर्षांची झाली होती. वडील म्हणजे काय हे तिला पहिल्यांदाच कळत होते.

घर सोडून जाण्याला जेवढे धाडस लागते, तेवढेच, किंबहुना जास्त, परत येण्याला लागते. जाताना माणूस एका ध्येयाच्या जोरावर जातो. परत येताना त्याला माणसांच्या नजरेला नजर द्यावी लागते. सात वर्षांचा हिशेब कोणी मागितला तर उत्तर काय? लंकेत शिकलेली पाली गाथा इथे कामाची नसते. शिवाय ज्याच्यावाचून जगायची घराला सवय झाली, त्याला पुन्हा घरात जागा करून देणे हे घरच्यांनाही सोपे नसते. दुरावलेल्या माणसाचे परतणे म्हणजे जुने घर पुन्हा मिळणे नव्हे. दोन्ही बाजू बदललेल्या असतात, म्हणून नाते नव्याने जोडावे लागते.

धर्मानंद-बाळाबाईंचा संसार पुन्हा सुरू झाला. ३१ जुलै १९०७ रोजी त्यांना मुलगा झाला. आजोबांचेच नाव त्याला मिळाले, दामोदर. हाच मुलगा पुढे गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी म्हणून जगभर ओळखला गेला. त्याच्यानंतर मनोरमा आणि कमला या दोन मुली झाल्या.

कलकत्त्यात चांगल्या पगाराची नोकरी होती. पण महाराष्ट्रात पालीचा आणि बौद्ध धम्माचा प्रसार करावा ही धर्मानंदांची इच्छा होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपयांची मदत देऊ केली तेव्हा जास्त पगार सोडून त्यांनी ती स्वीकारली. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने १९१० मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने प्रसिद्ध झाली. मराठी बौद्ध वाङ्मयाच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा ठरला. घराच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ एकच होता, कमी पैशात संसार.

हार्वर्ड आणि पुणे

१९१० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन या अभ्यासकाच्या मृत्यूमुळे आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांना पालीचा जाणकार हवा होता. धर्मानंद गेले. दोन वर्षे काम केले. पण संपादनाचे श्रेय कुणाला आणि किती, यावरून लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परत आले.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. कुटुंबाच्या दृष्टीने हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत स्थिर काळ. याच काळात त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे अभ्यासक तयार झाले. महाराष्ट्रातील पाली अध्ययनाची परंपरा इथून सुरू होते. माणिक आणि दामोदर यांचे शिक्षणही याच काळात वडिलांच्या नजरेखाली झाले.

१९१८ मध्ये हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले. ज्या माणसाशी वाद झाला होता त्याच्याकडेच परत जायचे होते. धर्मानंद गेले, कारण ग्रंथ पुरा व्हायला हवा होता. भांडण आणि काम या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. या वेळी ते माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना सोबत घेऊन गेले. बाळाबाई धाकट्या मुलींसह मागे राहिल्या.

ज्या मुलीला तान्ही असताना सोडून गेले होते, तिला या वेळी बरोबर नेले. माणिक १९२२ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाली. शंभर वर्षांपूर्वी गोव्यातल्या मुलीने अमेरिकेत पदवी मिळवणे ही लहान गोष्ट नव्हती. गेलेली सात वर्षे कुणी परत देऊ शकत नाही. पण मुलीला शिकवणे, तिला तिच्या पायावर उभे करणे एवढे बापाच्या हातात होते, आणि ते त्यांनी केले. नुसत्या पश्चात्तापापेक्षा अशी कृती नात्याला जास्त उपयोगी पडते.

बाप आणि मुलगा

धर्मानंद आणि दामोदर यांचे नाते सोपे नव्हते. दोघेही तीव्र बुद्धीचे, दोघेही हट्टी, दोघेही आपल्या मताला चिकटणारे. मुलगा हार्वर्डमध्ये शिकत असताना एका वर्षी एका विषयात गुण थोडे कमी पडले. बाकी विषयांत उत्तम श्रेणी होती. तरीही वडिलांकडून कडक शब्दांत नाराजी आली आणि मुलाने त्याला उत्तर म्हणून आणखी एक नवी भाषा शिकून तीत सर्वोच्च श्रेणी मिळवली, अशी आठवण दा. ध. कोसंबींविषयी सांगितली जाते. ऐकायला ही गोष्ट गमतीची वाटते. पण कितीही केले तरी वडिलांना पुरेसे वाटत नाही, हा अनुभव मुलांना किती एकटे पाडतो हे आपण जाणतो. आपल्या समाजात पहिल्या-दुसऱ्या पिढीतील शिकलेले बाप मुलांवर असेच ओझे टाकतात. त्यामागे प्रेम असते, भीतीही असते. मुलापर्यंत पोहोचतो तो फक्त राग.

वैचारिक वाटाही वेगळ्या झाल्या. वडील बौद्ध धम्माचे उपासक. हार्वर्डच्या वास्तव्यात त्यांनीही समाजवाद आणि मार्क्सचे विचार अभ्यासले होते, पण समाजबदल अहिंसेच्या मार्गाने व्हावा असे त्यांना वाटे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि तुरुंगवास भोगला. मुलगा मार्क्सवादी झाला. गणित हा त्याचा व्यवसाय होता, आणि इतिहासाकडे तो उत्पादनाची साधने आणि समाजाची रचना यांच्या अंगाने पाहू लागला. १९५६ मध्ये आलेला त्याचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ आजही वाचला जातो.

तरी बापलेकांच्या कामात एक धागा राहिला. ‘विसुद्धिमग्ग’ ची हार्वर्ड आवृत्ती वडिलांच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये, हार्वर्ड ओरिएंटल सीरिजचा ४१ वा खंड म्हणून निघाली. त्याच मालेचा ४२ वा खंड १९५७ मध्ये निघाला, आणि त्याच्या संपादकांपैकी एक होते दा. ध. कोसंबी. वडील पाली ग्रंथाचे संपादक, मुलगा संस्कृत सुभाषितसंग्रहाचा संपादक. मते जुळली नाहीत, पण मूळ ग्रंथ तपासल्याशिवाय बोलायचे नाही ही शिस्त मुलाकडे आली होती. आईवडिलांचा वारसा म्हणजे त्यांची सगळी मते स्वीकारणे नव्हे. वाद घालूनही वारसा पुढे नेता येतो.

पुढे नातीने आजोबांचे काम हाती घेतले. दामोदर यांची कन्या, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी धर्मानंदांचे ‘निवेदन’ हे १९२४ मधील आत्मचरित्र इंग्रजीत आणले आणि त्यांचे लेखन नव्या वाचकांपर्यंत पोहोचवले. एका पिढीत ताणलेली नाती पुढच्या पिढीत अशीही सैल होतात.

बुद्धाचे गृहत्याग आणि स्वतःचा गृहत्याग

१९२२ नंतर धर्मानंदांचे आयुष्य पुन्हा फिरतीवर गेले. अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, रशियातील लेनिनग्राड, पुन्हा हार्वर्ड, बनारस. १९३७ च्या सुमारास मुंबईत परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजन विहार’ उभा राहिला. ज्यांना देवळाचे दार बंद होते त्या कष्टकरी लोकांसाठी धम्माचे दार उघडे असावे हा त्यामागचा हेतू होता. १९४० च्या सुमारास ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ आला.

या ग्रंथातील एक मुद्दा आपल्या विषयाला थेट भिडतो. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला, त्याला वैराग्य आले आणि मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला व मुलाला सोडून तो घोड्यावरून निघून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. धर्मानंदांनी ही कथा मूळ सुत्तांच्या आधारे तपासली. मज्झिम निकायातील अरियपरियेसन सुत्तात वेगळेच वर्णन आहे. तिथे आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत गोतमाने केस-दाढी काढून घर सोडले असे सांगितले आहे. म्हणजे लपून जाण्याचा प्रश्नच नव्हता. घर सोडण्याचे कारण म्हणून त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे लक्ष वेधले. शस्त्राचा मार्ग नको म्हणून गोतम बाहेर पडला, या अंगाने त्यांनी विचार केला आणि ‘बोधिसत्त्व’ या नाटकातही तो मांडला.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणीच्या पाण्याचा हाच प्रसंग परिव्रज्येचे कारण म्हणून घेतला. बाबासाहेबांच्या ग्रंथात सिद्धार्थ आईवडिलांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो. यशोधरा धीराने निरोप देते. ती झोपेत सोडून दिलेली असहाय बायको नाही, निर्णयात सहभागी असलेली स्त्री आहे.

तरुणपणी तान्ही मुलगी आणि पत्नी यांना मागे ठेवून निघालेल्या धर्मानंदांनीच, उतारवयात, बुद्धाचा गृहत्याग चोरून केलेला नव्हता हे पुराव्याने दाखवले. त्यांच्या मनात तेव्हा स्वतःचे घर होते की नव्हते, यावर तर्क करण्याचे कारण नाही. पण आपल्याला त्यातून स्पष्ट दिशा मिळते. धम्माच्या वाटेवर जाणाऱ्याने घरच्यांसमोर उभे राहून, त्यांचे अश्रू पाहून, आपले कारण सांगून जावे. ते रडतील, रागावतील, नाहीही म्हणतील. तरी त्यांना सत्य समजण्याचा हक्क आहे.

विनयपिटकातील राहुलाची कथाही याच जातीची आहे. राहुलाला प्रव्रज्या दिली तेव्हा शुद्धोदनाला फार दुःख झाले. आधी मुलगा गेला, मग नातू गेला. त्याने ते दुःख बुद्धापुढे बोलून दाखवले आणि आईवडिलांच्या परवानगीशिवाय कुणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये अशी विनंती केली. बुद्धाने ती मान्य करून तसा नियम घालून दिला. मागे राहिलेल्या माणसाची तक्रार ऐकून संघाचा नियम बदलला, एवढे महत्त्व धम्मात घरच्यांच्या दुःखाला आहे.

शेवटची वर्षे

म्हातारपणी आजारांनी धर्मानंदांना घेरले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. शरीर समाजाच्या उपयोगी पडत नाही तर ते सोडावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९४६ मध्ये त्यांनी सुरू केलेले प्राणांतिक उपोषण गांधीजींच्या आग्रहाने थांबले. पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

आपण त्यांच्या निर्धाराचा आदर करू, पण हा निर्णय अनुकरणासाठी नाही. आपला भार दुसऱ्यांवर नको ही भावना आपल्या घरांतल्या अनेक वृद्धांच्या मनात असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण ओझे आहोत असे वाटत असेल, तर त्याच्याजवळ बसणे हे तरुणांचे काम आहे. सिगालोवाद सुत्तात मुलांची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत आईवडिलांचे पोषण सर्वांत पहिले आहे.

आपण काय घ्यायचे

धर्मानंदांच्या मागे जमीन, बागायत आणि नात्यागोत्याची माणसे होती. आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांच्या घरी तेवढाही आधार नसतो. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा माता रमाईंनी मुंबईच्या चाळीत काय सोसले हे आपल्याला माहीत आहे. यशवंतराव वगळता त्यांची सगळी अपत्ये गेली. म्हणून घर सोडून काम करणाऱ्याचा सत्कार करताना मागे घर कोण चालवते आहे, हे संघटनेने विचारले पाहिजे. पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या मानधनाचा प्रश्न हा त्याच्या बायकोच्या जगण्याचाही प्रश्न आहे. बैठकीला तिला बोलावणे, निर्णयात तिला धरणे, मुलांच्या फीची सोय करणे ही संघटनेची कामे आहेत.

सिगालोवाद सुत्त पतीची पाच कर्तव्ये सांगते. पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घराची सत्ता तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. अलंकाराच्या जागी आज शिक्षण, स्वतःचे बँक खाते आणि घरावर तिचे नाव असा अर्थ आपण घेऊ शकतो.

ज्यांचे घरच्यांशी बोलणे बंद आहे, त्यांनाही या आयुष्यातून काही घेता येईल. अबोला हा कायमचा निकाल नसतो. सात वर्षांनंतरही माणूस परत येऊ शकतो. मात्र परत येताना आपल्याला लगेच माफ करावे अशी अपेक्षा ठेवू नये. एखादा फोन, वडिलांच्या औषधाची चौकशी, बहिणीच्या परीक्षेसाठी मदत, इथून सुरुवात होते. पूजेला बसणार नाही हे ठाम सांगूनही त्या दिवशी घरच्या स्वयंपाकाला हात लावता येतो. तत्त्व आणि माणूस या दोन गोष्टी आहेत, आणि दरवेळी एकासाठी दुसऱ्याला सोडावे लागत नाही.

जिथे मारहाण आहे, जिवाला धोका आहे, जातीच्या नावाखाली मुलीला कोंडले जाते, तिथून बाहेर पडणे हा मात्र बचाव आहे. तिथे परत जाण्याचा सल्ला कुणी देऊ नये. मैत्री म्हणजे स्वतःला पायदळी तुडवू देणे नव्हे. अशा व्यक्तीला विहाराने, शेजाऱ्याने, संघटनेने घर द्यावे, आणि मनात द्वेष न साठवता जगण्याचे बळ द्यावे.

काही नाती पूर्ण जुळत नाहीत, हेही धर्मानंदांच्या आयुष्यात दिसते. एका छपराखाली सलग संसार त्यांना फार थोडी वर्षे करता आला. बाळाबाईंच्या वाट्याला आलेले एकटेपण कुठल्याही ग्रंथाने भरून निघत नाही. ‘भगवान बुद्ध’ वाचताना धर्मानंदांना वंदन करावे, आणि ज्या स्त्रीने घर सांभाळले म्हणून तो ग्रंथ लिहिला गेला, त्या बाळाबाईंचे नावही घ्यावे. या रविवारी विहारात कोसंबींवर बोलाल तेव्हा दोन्ही नावे सांगा. आणि घरी गेल्यावर, बरेच दिवस ज्याच्याशी बोललो नाही त्या माणसाची एकदा विचारपूस करा.

नमो बुद्धाय. जय भीम.